रंगवलेल्या केसांची खरी हकिकत

इंदिरानगर, नाशिक
रविवार, दि. २९ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप सौ. सिंधुवन्सं यांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे सरिताचा, शिरसाष्टांग नमस्कार. (पायावर टेकवण्याजोगं शिर जूनपासून माझ्याकडे नव्हतं. आता आहे, म्हणूनच पत्राला एवढा उशीर झाला.) तुमची तब्येत कशी आहे? नाना बरे आहेत ना? यंदा कांद्याने भलताच भाव खाल्ला, त्यामुळे बाजार समितीतून त्यांना जेवायलाही घरी येता येत नसेल. थंडी पडायला लागली आहे, तेव्हा पहाटे अंगण झाडायला बाहेर जाताना कानाला बांधत जा. मी इकडे खुशाल आहे. शेखर पुण्यात खुशाल आहे, त्याला कंपनीने कायम केलं. डब्यातली भाजी ओळखता येत नाही एवढीच त्याची तक्रार असते.

वन्सं, सगळ्यात आधी तुमची माफी मागायची आहे. श्रावणात तुम्ही त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला आलात आणि दोन दिवस माझ्याकडे राहिलात, तेव्हा मी दोन्ही दिवस डोक्याला टॉवेल गुंडाळून वावरत होते. तुम्ही दारातच विचारलंत, ‘काय व्हयनं वं? डोकं दुखस का?’ आणि मी सर्दी झाली म्हणाले. मग तुम्ही सुंठ उगाळून माझ्या कपाळाला लावलीत, रात्री तुळशीचा काढा केलात, सकाळी वाफारा घ्यायला बसवलंत. वाफाऱ्यासाठी टॉवेल काढ म्हणालात तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि पाटावर बसून राहिले. सर्दी बिर्दी काही नव्हती. (सुंठीने कपाळाची मात्र आग झाली, ती खरी.) दिवाळीला नामपूरला आले नाही, त्यालाही शाळेचं काम हे कारण नव्हतं. कारण टॉवेलाखाली होतं. ते काय होतं हे आता सांगून टाकते, म्हणजे माझंही डोकं हलकं होईल.

आमच्या शाळेला यंदा पंचवीस वर्षं झाली. स्मरणिका काढायची आणि तिच्यात सगळ्या कर्मचाऱ्यांचा फोटो छापायचा असं ठरलं. मी ग्रंथालयात बसते, वर्षभर मला कोणी पाहत नाही (पुस्तक परत न केलेली मुलं तर मुद्दाम पाहत नाहीत), पण छापलेला फोटो कायमचा राहतो. मी आरशात पाहिलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे पट्टे, मधे करडं, आणि मागे वेणीत अजून थोडं काळं शिल्लक, म्हणजे एकाच डोक्यावर तीन बायकांचे केस. शाळा उघडायच्या आधीच ते काळे करायचे असं मी ठरवलं. मी ठरवलं की काय होतं हे तुम्हाला माहीत आहे.

दुकानातून काळ्या पावडरीचं पाकीट आणलं. पाण्यात कालवून लावा आणि अर्ध्या तासाने धुवा, असं त्याच्यावर लिहिलं होतं. मी म्हटलं, अर्ध्या तासात काळे होतात तर दोन तासांत किती टिकतील. त्यात वरच्या मजल्यावरच्या सुमनबाई बसायला आल्या आणि त्यांच्या जावेची गोष्ट संपेना, म्हणून साडेतीन तास झाले. धुतल्यावर केस काळे झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण कपाळ, कानाच्या पाळ्या, नखं, बादली आणि उशीचा अभ्राही काळा झाला. आणि केस हाताला असे लागायला लागले, की अंगण झाडायची नवी केरसुणी बरी. कंगवा मधेच अडकायचा आणि ओढला की नुसता कंगवा यायचा नाही, बरोबर केसही यायचे.

कोरडेपणाला तेल हा आपल्या घरचा उपाय. आधी खोबरेल घातलं, ते पुरेना म्हणून एरंडेल घातलं, आणि मुरायला वेळ द्यावा म्हणून चार दिवस धुतलंच नाही. पाचव्या दिवशी धुवायला गेले तर तेल निघेना. साबण लावला तर साबण आणि तेल मिळून एक तिसराच चिकट प्रकार तयार झाला. केस डोक्याला असे चपट बसले की समोरून पाहणाऱ्याला वाटावं, बाई नुकतीच विहिरीतून वर आली आहे. ग्रंथालयात माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर, जिथे मी डोकं टेकते तिथे, एक गोल काळसर डाग पडला. आमचा शिपाई पुंजाराम दोनदा चुना लावून गेला. तिसऱ्यांदा त्याने तिथे ज्ञानाचं महत्त्व सांगणारा तक्ता टांगला.

मग सुमनबाईंचा सल्ला. त्या म्हणाल्या, तेलकट कढई धुण्याच्या सोड्याने चकचकीत होते. मी तेव्हा अशा अवस्थेत होते की कढई आणि डोकं यातला फरक मला दिसला नाही. मूठभर सोडा गरम पाण्यात घालून डोकं धुतलं. तेल गेलं हे मान्य केलं पाहिजे. त्याच्याबरोबर काळा रंगही गेला, आणि खालून जो रंग निघाला तो तुम्ही रोज पाहता: चाळीत वाळलेल्या कांद्याच्या सालपटाचा. वर भांगात पांढरं, खाली तांबूस, आणि टोकाला केसाचे दोन-दोन फाटे. चिमटीत धरून ओढलं तर वाळल्या गवतासारखे तुटायचे. तुम्ही आलात तेव्हा टॉवेलाखाली हे होतं.

तुम्ही परत गेल्यावर मी समोरच्या इमारतीतल्या वैष्णवीकडे गेले. तिचं पार्लर तळमजल्यावर आहे, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. मुलगी हुशार आहे आणि उगाच गोड बोलत नाही. तिने माझा एक केस घेतला, पाण्यात भिजवला, हलकेच ताणला. तो तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘हे मेलेले केस आहेत. ह्यांना काहीही लावलं तरी ते परत येणार नाहीत. खांद्यापर्यंत कापू द्या, वरचे मी वाचवते.’

मी नाही म्हणाले. वन्सं, माझ्या लग्नात मांडवात तुम्ही माझी वेणी हातात धरून नामपूरच्या सगळ्या बायकांना दाखवली होती, आठवतं? आमच्या घरात असे केस कोणाचे नव्हते, म्हणाला होतात. हे गेले त्यानंतर लोकांनी माझं बरंच काय काय कमी केलं, कुंकू, रंगीत साड्या, हळदीकुंकवाची बोलावणी. वेणी तेवढी कोणाला नेता आली नव्हती. ती मी सोड्याच्या पाण्यात घालवली हे मला कबूल होईना. मी वैष्णवीला म्हटलं, बोटभरही कापायचे नाहीत, हेच केस मी उभे करून दाखवते. ती म्हणाली, दाखवा, माझं दार उघडं आहे.

इथे आमच्या शाळेतल्या खैरनार सरांचा संबंध येतो. मल्हारी खैरनार, नववी-दहावीला विज्ञान शिकवतात, वय बावन्न. पत्नी सात वर्षांपूर्वी गेल्या, एक मुलगी आहे, ती चांदवडला दिलेली. माणूस शांत आहे. विज्ञानाचं मासिक वाचायला ते रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येतात. एके दिवशी ते मासिक उघडून बसले पण पाहत होते माझ्या डोक्याकडे. (मी पदर घेतलेला होता. तरी बाजूने दिसतच होतं.) बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पाणी कुठलं? मी सांगितलं, प्यायला नळाचं थोडंसं येतं, बाकी सगळं बोअरचं. त्यांनी त्या बोअरच्या पाण्याची बाटली आणायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत त्यांच्या घरचं नळाचं पाणी, दुसरीत माझं. दोन्हींत साबणाचं पाणी सारखं घातलं आणि हलवलं. त्यांच्या नळीत वरपर्यंत फेस आला. माझ्या नळीत दूध नासल्यासारखा साका झाला आणि फेस नावालाही नाही.

‘मॅडम, दोष तुमच्या केसांचा नाही,’ ते म्हणाले. ‘पाणी जड आहे. तुम्ही धुता तेव्हा हा साका केसांवर बसतो.’

वन्सं, तीन महिन्यांत माझ्या बाजूने बोललेला तो पहिला माणूस. (साडेतीन तास आणि मूठभर सोडा यांचा दोष त्यांनी काढला नाही. मीही तो विषय काढला नाही.)

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या वॉचमनकडे दहा लिटरचा पांढरा कॅन ठेवलेला होता. वर प्रयोगशाळेतल्या बाटलीला लावतात तशी चिठ्ठी: ‘मृदू पाणी. फक्त केसांसाठी.’ सर गंगापूर रोडला राहतात, तिकडे नळाला चांगलं पाणी येतं. तिथून स्कूटरवर, दोन्ही पायांच्या मधे कॅन धरून, ते घेऊन आले होते. बुधवारी पुन्हा कॅन. मग दर रविवारी आणि बुधवारी. वर येऊन चहा घ्या म्हटलं तर म्हणायचे, पाणी हिंदकळून निम्मं होतं, आता दुसरी खेप आणतो. सुमनबाईंनी गॅलरीतून दोन-तीनदा पाहिलं आणि विचारलं. शाळेचा एक प्रयोग चालू आहे, असं मी सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या पाण्याने तीन आठवड्यांत चिकटपणा गेला. पण केसांत जीव येईना. धुतले की स्वच्छ, पण भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे डोक्याला पडून राहायचे. मी वैष्णवीला विचारलं, हे उभे कसे राहतील? तिने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की फेस गेलेल्या बिअरने केस धुतले की फुगतात. तिने करून पाहिलेलं नव्हतं, आणि तसं तिने स्पष्ट सांगितलं. मी करून पाहायचं ठरवलं. आता बिअर आणायची कोणी? मी त्या दुकानात गेले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्या इंदिरानगरला कळलं असतं. सरांना विचारलं. त्यांनी आयुष्यात त्या दुकानाची पायरी चढलेली नाही. एक मिनिट विचार केला आणि म्हणाले, आणतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या लाकडी पेटीतून एक बाटली आणून दिली. पेटी सूक्ष्मदर्शकाची असल्याने कोणाला काही वाटलं नाही. हेल्मेट घालूनच दुकानात गेलो होतो, असं त्यांनी नंतर सांगितलं.

पाऊण बाटली मी सकाळी डोक्यावर ओतली, आणि उरलेली पेटीत घालून, परत द्यायची म्हणून, शाळेत नेली. बिअर लावल्यावर साध्या पाण्याने धुवायचं असतं, पण कॅन संपला होता आणि बोअरचं पाणी घेतलं असतं तर तीन आठवड्यांची मेहनत गेली असती. म्हणून तशीच वेणी घालून गेले. त्या दिवशी शाळेची तपासणी आहे हे मला शाळेत पोचल्यावर आठवलं.

अकराच्या सुमाराला साहेब ग्रंथालयात आले. बरोबर मुख्याध्यापक, मागे पुंजाराम पाण्याचा तांब्या घेऊन. पंखा माझ्या डोक्यावरच. साहेबांनी पुस्तकांची नोंदवही उघडली, दोन पानं उलटली आणि थांबले. त्यांनी मान वर करून हवेत वास घेतला. मुख्याध्यापकांनी घेतला. दोघांनी पुंजारामकडे पाहिलं. वन्सं, पुंजाराम माळकरी आहे, चहासुद्धा पीत नाही. पण शिपाई म्हटल्यावर त्याच्याकडेच बघतात. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी बोलायला उठले. तेवढ्यात मोकळ्या तासाला कोपऱ्यात मासिक वाचत बसलेले सर उभे राहिले.

‘साहेब, तो वास माझ्या प्रयोगाचा आहे,’ ते म्हणाले. ‘नववीला किण्वन दाखवतो आहे. बाटली इथे ठेवली होती, चूक माझी.’

साहेब म्हणाले, मग प्रयोग दाखवा. सरांनी त्यांना चहा घ्यायला लावलं, आणि तेवढ्या वेळात पेटी उचलून प्रयोगशाळेत नेली, चंबूत साखरेचं पाणी आणि यीस्ट घातलं, वर ती उरलेली बिअर ओतली, तोंडाला फुगा बांधला. साहेबांसमोर फुगा खरोखरच थोडासा फुगला. शेरेबुकात आलं: विज्ञानाचे प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवले जातात, समाधानकारक.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं, कारण शिक्षकांच्या खोलीत लोक अजूनही पुंजारामकडे बघून हसत होते. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना पूर्ण टक्कल आहे. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की याने नवीन येतात का.

पण मला सांगायचं आहे ते तपासणीच्याच संध्याकाळचं. घरी आले, वेणी सोडली, कंगवा घातला. कंगव्यात एवढे केस आले की मूठ भरली. मी ती मूठ बघत बसले. एका माणसाने आपलं पंचवीस वर्षांचं नाव आज पणाला लावलं, दुसऱ्याची नोकरी जाता जाता राहिली, आणि कशासाठी, तर जे मेले आहेत असं मला तोंडावर सांगितलं गेलं होतं त्या दोन हात केसांसाठी. मी उठले आणि तशीच चप्पल घालून वैष्णवीकडे गेले. कापून टाक म्हटलं. तिने घट्ट वेणी घातली, खांद्याशी दोरा बांधला आणि कात्री चालवली. जाड दोर कापताना येतो तसा आवाज आला. मी रडले नाही. वैष्णवी रडली. मला मान एकदम उघडी वाटली आणि सपाटून भूक लागली.

त्यानंतर मात्र मी तिचं सगळं ऐकलं. आता तेल लावते ते धुण्याआधी तासभर, आणि टोकांनाच. आठवड्यातून दोनदाच धुते, कोमट पाण्याने, तेही कॅनमधल्या. शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळते. जवस उकळून गाळली की जो बुळबुळीत रस निघतो तो ओल्या केसांना लावते. (हे सुमनबाईंनी सांगितलं. त्यांचं सगळंच चुकत नाही.) ओले केस बांधत नाही, कंगवा मोठ्या दातांचा घेतला. दर महिन्याला वैष्णवी टोकं कापते आणि तेवढं तांबूस जातं. वरून पांढरे येत आहेत, चांगले चार बोटं आलेत, आणि ते जाड, निरोगी आहेत. आता माझं डोकं वर पांढरं आणि खाली तपकिरी असं आहे, शेवरीच्या शेंगेसारखं. पण परवा शाळेच्या फाटकाशी वारा आला आणि केस हलले. वन्सं, जूनपासून ते पहिल्यांदा हलले. मी तिथेच उभी राहिले, पुन्हा वारा येईपर्यंत.

तेव्हा तुमच्यापासून लपवलं त्याची माफी असावी, आणि ती वेणी आता नाही हे माझ्याकडूनच तुम्हाला कळावं, म्हणून हे लिहिलं. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा. तुमचा हात पाठीवर आहेच.

तुमची,
सरिता

ता. क. १ : घरची जवस असेल तर शेर-दोन शेर कोणी नाशिकला येणाऱ्याबरोबर पाठवा. इथली मिळते ती जुनी असते.

ता. क. २ : नाना, पत्र मोठ्याने तुम्हीच वाचत असणार, आणि ओट्यावर चार माणसं असणार. कृपा करून इथे थांबा आणि कागद वन्संकडे द्या. पुढचं त्यांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

ता. क. ३ : वन्सं, स्मरणिकेचा फोटो जूनमध्येच निघाला. मी मागच्या रांगेत आहे. पुढे पीटीचे सर उभे आहेत, माझा फक्त एक कान दिसतो. केस त्यासाठी रंगवले नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत खैरनार सरांनी मला लग्नाचं विचारलं. मी सहा महिने मागून घेतले आणि त्याच आठवड्यात ते पाकीट आणलं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आणि लाज वाटली म्हणून आजपर्यंत कोणाला बोलले नाही. केस कापले त्याच संध्याकाळी मी त्यांना हो म्हणाले. ते म्हणाले, केस आहेत तसेच राहू द्या. मी म्हटलं, ते माझं मी ठरवीन.

शेखरला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘आत्याला सांगितलंस का?’

नोटीस दिली आहे. गुरुवारी, सात जानेवारीला, सकाळी अकरा वाजता विवाह नोंदणी कार्यालयात लग्न आहे. तेव्हा पौष असतो हे मला माहीत आहे. कचेरीत पौष पाळत नाहीत. हे गेले तेव्हा भाऊबंद मला आणि शेखरला गावी न्यायला आले होते. तुम्ही याच घराच्या दारात आडव्या उभ्या राहिलात आणि म्हणालात, ‘ती आठेच ऱ्हाई.’ म्हणून मी इथे राहिले, म्हणून नोकरी झाली, म्हणून शेखर शिकला. मी परवानगी मागत नाही, लग्न ठरलं आहे. तीन साक्षीदार लागतात. पहिली सही शेखर करणार. दुसरी तुमची हवी. तुम्ही नाही आलात तर मी रागावणार नाही, पण त्या कागदावर तुमच्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव मला बघवणार नाही.

ता. क. ४ : नाना, तुम्ही थांबला नसणार. सरांच्या मुलीला जानेवारीत नववा महिना लागतो आहे, तिला येता येणार नाही, तेव्हा तिसऱ्या साक्षीदाराची जागा अजून रिकामी आहे. दोघं आदल्या दिवशीच या. कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना सावकाश चढू.